खिशातल्या गाण्याचा हिशेब

जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये मोबाइलचं कव्हर, लॅपटॉपची बॅटरी, सीसीटीव्हीचा कॅमेरा, प्रिंटरची शाई हे सगळं एका फेरीत मिळतं. गाणी ऐकायचा चांगला प्लेअर मागितला तर दुकानदार आधी ब्लूटूथ स्पीकर पुढे करतो, मग सारेगामाचा कारवां. तरीही आपण मान हलवत राहिलो तर म्हणतो, ‘‘भैया, मोबाइल में ही सुन लो ना!’’ सल्ला वाईट नाही, उलट या विषयाचा सगळा कस त्याच सल्ल्यावर लागतो. फोन प्रत्येकाच्या खिशात असताना फक्त गाणी वाजवणारं वेगळं यंत्र, तेही वीस हजारांपासून तीन लाखांपर्यंतचं, कुणी का घ्यावं? आणि जबलपूर, नागपूर, इंदूर या पट्ट्यातला ख्याल, नाट्यपदं, भावगीतं ऐकणारा मराठी माणूस ते घेऊन काय करणार?

शौकीन लोक या यंत्राला ‘डॅप’ म्हणतात, म्हणजे डिजिटल ऑडिओ प्लेअर. दिसायला जाडजूड मोबाइलसारखं. आत मेमरी कार्डाची खाच, आकड्यांचा आवाज करणारी ‘डॅक’ चिप, तिच्यामागे स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि खाली किंवा वर इअरफोनचे एक-दोन जॅक. सिमकार्ड नाही, कॅमेरा नाही.

वंशावळ थोडक्यात सांगतो. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला. १९९८ साली बाजारात आलेल्या रिओ पीएमपी३०० मध्ये ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं गाणं. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला, पाच जीबीचा, आणि अख्खा संग्रह खिशात घेऊन फिरायची कल्पना लोकांना पटली. पुढे फोननंच आयपॉड खाल्ला. मे २०२२ मध्ये ॲपलनं तो कायमचा बंद केला. मधल्या काळात एक उलटी गोष्ट घडली. सर्वसामान्यांनी प्लेअर टाकून दिला तेव्हाच तो हौशी लोकांची महागडी चीज झाला. कोरियातल्या आयरिव्हरनं २०१२ मध्ये ‘ॲस्टेल अँड कर्न’ या नावाखाली एके१०० काढला आणि या वर्गाला तोंड फुटलं. चीनमधल्या फिओ, आयबासो, हायबी, शानलिंग, केइन या कंपन्यांनी स्वस्तापासून महागापर्यंत रांग लावली. गायक नील यंग यांनी २०१४ मध्ये ‘पोनो’ नावाच्या प्लेअरसाठी लोकवर्गणीतून बासष्ट लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. तो धंदा २०१७ पर्यंतच टिकला. सोनीनं २०१६ मध्ये काढलेल्या एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेडचा सांगाडा तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम. इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली तबकडीही सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच, आणि तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोन्या-तांब्यातून वाजायचा मान मराठी-कोकणी सुराला सोनीच्या एकोणचाळीस वर्षं आधीच मिळाला होता.

आता आवाजाकडे येऊ, कारण विक्रेते तिथूनच सुरुवात करतात.

सीडीचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आणि दर मोजमाप सोळा बिटांत लिहिलेलं असतं. यातून सुमारे बावीस किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि अगदी हळू ते अगदी मोठ्या आवाजामधलं शहाण्णव डेसिबलचं अंतर सामावतं. माणसाच्या कानाची वरची मर्यादा तरुणपणी वीस किलोहर्ट्झच्या आसपास. पन्नाशीनंतर बहुतेकांना बारा-तेराच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. महाग प्लेअरच्या खोक्यावर मात्र १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्झ, चोवीस-बत्तीस बिट, डीएसडी असे शिक्के असतात. या शिक्क्यांचा कानाला फरक पडतो का, याची तपासणी झालेली आहे. मायर आणि मोरन यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले: ५५४ चाचण्यांत लोकांनी उच्च दर्जाचा आवाज आणि त्याचंच सीडी-दर्जाचं रूप २७६ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवून याहून वेगळं काय आलं असतं! २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा उत्तर सुमारे बावन्न टक्के आलं. ऐकण्याचं आधी प्रशिक्षण दिलेल्यांत ते साठच्या जवळ गेलं. म्हणजे फरक शून्य नाही, पण तो पकडायला तयार कान, शांत खोली आणि भरपूर चिकाटी लागते. मे महिन्यात जबलपूरच्या राइट टाउनमधल्या घरात कूलर चालू असताना तो पकडायचा विचार सोडूनच द्यावा.

मग प्लेअर करतो काय? दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत. अँड्रॉइड फोन बरेचदा सगळं गाणं ४८ किलोहर्ट्झवर बदलून वाजवतो. चांगला डॅप ही वाट टाळून फाइल आहे तशी चिपकडे देतो. हा बदल एरवी ऐकू येतोच असं नाही, पण निष्काळजीपणानं केलेला असेल तर येतो. दुसरं, ताकद. तीनशे ओहमचा मोठा हेडफोन फोनच्या जॅकवर मरगळतो, डॅपच्या ४.४ मिलिमीटर बॅलन्स्ड जॅकवर उठून बसतो. तिसरं उलट्या टोकाचं. अतिशय संवेदनशील छोट्या इअरफोनना ताकद नको असते, त्यांना पार्श्वभूमीत शांतता हवी असते. साध्या लॅपटॉपच्या जॅकला ते लावले की गाणं थांबल्यावरही ‘स्स्स’ असा आवाज येत राहतो. चांगल्या प्लेअरवर तो येत नाही. तानपुरा सुरू होण्याआधीची ती रिकामी दोन सेकंदं खरंच रिकामी वाटतात, हा फरक मात्र कुणालाही दाखवून देता येतो.

पण हीच कामं आता हजार रुपयांच्या आतबाहेरचा डॉंगलही करतो. ॲपलनं २०१६ मध्ये फोनमधून जॅक काढून टाकला आणि त्यातून हा छोटा शेपटासारखा तुकडा घरोघर गेला. ॲपलचा स्वतःचा डॉंगल मोजमापात लाजिरवाणा नाही, उलट चांगला निघतो. अडचण एवढीच की काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार कमी येतो. चार-पाच हजारांत याहून ताकदवान डॉंगल मिळतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: निव्वळ आवाजासाठी वीस हजारांच्या वरच्या प्लेअरला पैसे घालणं जवळजवळ कधीच पटत नाही. डॅक चिपच्या नावांवरून जी भांडणं चालतात त्यांना तर २०२० नंतर करुणेची छटा आली आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जपानातल्या नोबेओका इथला एकेएम कंपनीचा कारखाना आगीत सापडला, चिपचा पुरवठा आटला, आणि ‘मखमली एकेएम’वर निबंध लिहिणाऱ्यांना वर्षभरात दुसऱ्या कंपनीचं ‘पारदर्शी ईएसएस’ गोड लागू लागलं.

आपल्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, जो या यंत्रांच्या परदेशी परीक्षणांत सहसा येत नाही. आपण ऐकतो काय? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या, बालगंधर्वांची पदं, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. १९२५ च्या आधी भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणात तीन किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसे. नंतर विद्युत पद्धतीनं ते पाच-सहापर्यंत गेलं. म्हणजे या गाण्यांचं सगळं ऐश्वर्य ज्या पट्ट्यात आहे तो साध्यातला साधा इअरफोनही वाजवतो. अशी तबकडी कुणी १९२ किलोहर्ट्झवर उतरवली तर जतनासाठी ते योग्य आहे, कारण खरखर नीट टिपली गेली की पुढे ती काढणं सोपं जातं. ऐकताना मात्र त्या जास्तीच्या जागेत सुईची घसट सोडून काही नाही. नंतरच्या एलपी, आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनं काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेट, १९९०च्या दशकातल्या सीडी यांचा दर्जा त्याहून वरचा, आणि सीडीपाशी आपल्या संग्रहाचा बहुतांश भाग संपतो.

म्हणजे चांगल्या यंत्रातून आपल्या संगीताला काहीच मिळत नाही असं नाही. नेमकं कुठे मिळतं ते सांगतो. १२८च्या एमपी३मध्ये तानपुऱ्याची जवारी पहिल्यांदा मरते. जवारी म्हणजे वरच्या स्वरांची सतत हलणारी झालर, आणि एमपी३ची काटछाट नेमकी अशाच बारीक, सतत बदलणाऱ्या गोष्टींवर चालते. सोळा किलोहर्ट्झच्या वरचं ती बहुतेक टाकूनच देते, आणि खालचं जे ठेवते त्यालाही पाण्याखालून आल्यासारखा भोवरा येतो. बैठकीतल्या टाळ्यांचंही तेच होतं. फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आवळलेल्या फाइलमध्ये, जवारी परत येते. दुसरी जागा डग्ग्याची. बायाँवर तळहात सरकवून काढलेली घसीट ऐकायला खालचा पट्टा सैल नसलेला इअरफोन लागतो. लक्षात घ्या, या दोन्ही गोष्टी फाइलच्या आणि इअरफोनच्या आहेत, प्लेअरच्या नाहीत. तीस हजार खर्चायचे असतील तर त्यातले अर्ध्याहून जास्त इअरफोनवर जावेत, हे कुठलाही अनुभवी शौकीन सांगेल. इअरफोन आपल्याकडे कानात बसणारा, बाहेरचा आवाज अडवणाराच घ्यावा. मागून उघडे मोठे हेडफोन ऐकायला प्रशस्त, पण कूलर, पंखा आणि गल्लीतला डीजे त्यांतून बिनदिक्कत आत येतात. आणि बाहेरचं अडलं नाही की आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला चाळीस तास ऐंशी डेसिबलचा आहे. त्याच्या वर गेलं की तास झपाट्यानं कमी होतात.

एवढं वाचून वाटेल की लेख इथेच संपावा: डॉंगल घ्या, इअरफोन घ्या, घरी जा. पण डॅपचा खरा उपयोग मला आवाजात नाही, संग्रहात दिसतो.

स्ट्रीमिंगवर हिंदुस्थानी संगीताची दशा ज्यानं शोधून पाहिली आहे त्याला ती सांगायला नको. एकच राग तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी. विलंबित एका पानावर, द्रुत दुसऱ्याच अल्बममध्ये. साथीदारांची नावं गायब. ‘बेस्ट ऑफ’ नावाच्या सोळा संकलनांत तेच सहा तुकडे. आज सापडलेलं ध्वनिमुद्रण सहा महिन्यांनी हक्कांच्या फेऱ्यात नाहीसं. ॲपल म्युझिकनं जून २०२१ पासून जास्त पैसे न घेता फ्लॅकच्या तोडीचा दर्जा दिला, त्यामुळे दर्जाची तक्रार उरली नाही. तक्रार उरली ती मालकीची. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची जी अडचण असते तीच इथे आहे.

स्वतःच्या फाइल असल्या की खिळे मारता येतात. प्रत्येक फाइलला टॅग लावायची सोय असते: कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार, वर्ष. ही घरं पाश्चात्त्य संगीतासाठी आखलेली आहेत, पण आपण ती आपल्या कामाला लावू शकतो. ‘प्रकार’ या घरात जाझ-रॉकऐवजी राग लिहावा. मग प्लेअरवर प्रकार उघडला की ललत, तोडी, मुलतानी, मारवा, बागेश्री, मालकंस अशी यादी येते, आणि तोडीवर बोट ठेवलं की किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व एका रांगेत उभे राहतात. ‘संगीतकार’ या घरात बंदिशीचा रचनाकार टाकावा. सदारंगाच्या किती चिजा आपण नकळत ऐकतो ते तेव्हा कळतं. ‘अल्बम’मध्ये साल आणि ठिकाण. साथीदार ‘टिप्पणी’त. एक इशारा: ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ ही बिरुदं नावाआधी लावू नयेत. यंत्राला मानमरातब कळत नाही. ते सगळ्या पंडितांना ‘प’मध्ये कोंडतं, आणि काही फाइलींवर ‘पं.’, काहींवर ‘पंडित’, काहींवर नुसतं नाव असेल तर एकाच गवयाचे तीन गवई होतात. आदर मनात ठेवावा.

इथे स्वस्त आणि महाग प्लेअरमधला एक फरक उघडा पडतो, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. अँड्रॉइडवर चालणारे डॅप देवनागरी बिनचूक दाखवतात. स्वतःची छोटीशी प्रणाली असलेल्या काही स्वस्त प्लेअरवर मात्र ‘शिवरंजनी’ची वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन पडते आणि ‘मल्लिकार्जुन’मधली जोडाक्षरं पाय मोडून शेजारी-शेजारी उभी राहतात. वाचता येतं, पण दर वेळी खटकतं. रोमनमध्ये टॅग लावून हा प्रश्न टाळणारे पुष्कळ आहेत. ज्याला आपल्या लिपीत संग्रह हवा त्यानं घेण्याआधी याची विचारपूस करावी.

दुसरा फरक पाऊण तासाच्या फाइलचा. पॉप गाणं तीन-चार मिनिटांचं, म्हणून पुष्कळ प्लेअर असं गृहीत धरतात की मध्येच थांबवलं तर पुढच्या वेळी पहिल्यापासून वाजवावं. पन्नास मिनिटांचा दरबारी एकोणचाळिसाव्या मिनिटाला सोडून उठलो आणि परत आल्यावर आलापाच्या पहिल्या षड्जाला हजर झालो, की यंत्र भिरकावून द्यावंसं वाटतं. जिथे सोडलं तिथून धरण्याची सोय असलीच पाहिजे. तसंच सलगता: सीडीवर विलंबित आणि द्रुत दोन तुकड्यांत असतील तर मधे टिचकीएवढीही फट पडता कामा नये. एमपी३मध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा जोडली जाते, तिथे ही फट येते. फ्लॅकमध्ये येत नाही. बोटानं पडदा सरकवून पन्नास मिनिटांत नेमकी जागा शोधणं हेही एक दिव्यच, त्यासाठी प्लेअरच्या कडेला खरी बटणं असलेली बरी. गाडीच्या वरच्या बर्थवर, अंधारात, खिशातल्या खिशात हात घालून गाणं थांबवता येणं हे सुख बटणांशिवाय नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचं तासाभराचं गाणं न आवळता सुमारे ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. ५१२ जीबीच्या कार्डावर साधारण दीड हजार तास मावतात. चोवीस बिट-९६ किलोहर्ट्झला जागा तिपटीहून जास्त लागते, डीएसडीला तासाला अडीच जीबी. ‘एक टीबी फक्त आठशे रुपयांत’ असं कार्ड कुठेही दिसलं तर हात लावू नये. ते वर नाव एक टीबीचं दाखवतं आणि बत्तीस-चौसष्ट जीबीनंतर भरलेलं गुपचूप पुसत जातं. नवं कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती रात्रभर चालू ठेवावीत, मगच त्यावर संग्रह टाकावा.

आणि संग्रह येतो कुठून? मुंबईचं काळा घोड्याजवळचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं; छोट्या शहरांतली सीडीची दुकानं त्याच्या कितीतरी आधी मोबाइलची झाली. आहेत त्या सीडी संगणकावर नीट उतरवणं हा एक भाग. पण जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत याहून मोलाचा ऐवज असतो तो कॅसेटमध्ये. गोलबाजारच्या दत्तमंदिरातलं भजन, गणेशोत्सवातली एखादी मैफल, कुणाच्या आजोबांनी घरच्या टेपवर टिपलेली पाहुण्या गवयाची बैठक. हे कुठल्याही स्ट्रीमिंगवर कधीही येणार नाही. डॅप घेणाऱ्याला ऐकायला काही तरी हवं असतं, तसं या कॅसेटनाही उतरवणारं कोणी तरी हवं आहे, आणि हे काम सगळ्या हौसेतलं सर्वांत किचकट आणि सर्वांत फळ देणारं आहे.

कॅसेट आधी उघडून बघावी. फितीवर पांढरी बुरशी असेल तर ती डेकमध्ये घालू नये, नाहीतर पुढच्या दहा कॅसेटना ती लागते. फितीला हेडवर दाबून धरणारा छोटा फेल्टचा तुकडा पुष्कळदा गळून गेलेला असतो; दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून तो बसवता येतो. मग हेडचा कोन. ज्या टेपवर मुद्रण झालं त्याचं हेड आणि आपल्या डेकचं हेड तंतोतंत सारखं उभं नसतं, आणि केसाएवढा फरक पडला तरी वरचे स्वर बुजतात, गाणं रजई पांघरल्यासारखं येतं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, डावा-उजवा आवाज एकत्र करून, तो स्क्रू छोट्या पेचकसानं अगदी थोडा-थोडा फिरवायचा. तानपुरा किंवा झांजेकडे कान ठेवायचा. एका जागी ती झालर अचानक उजळते, जरा पुढे गेलं की पुन्हा मावळते. उजळली तिथे थांबायचं. हे दर कॅसेटला करावं लागतं.

त्यानंतर गती. घरचा टेप बॅटरीवर चालत असेल आणि सेल उतरत आलेले असतील तर फीत मुद्रणाच्या वेळी हळू सरकलेली असते. आता योग्य गतीनं लावली की गवयाचा षड्ज मैफिलीच्या शेवटाकडे चढत गेलेला ऐकू येतो. काळी एकमध्ये बसलेला माणूस तासाभरानं पांढरी दोनकडे निघालेला असतो. साथीला पेटी असेल तर काम सोपं, कारण पेटी दमत नाही. पेटीचा सूर धरून संगणकावर गती थोडी-थोडी खाली आणायची. हे उतरवायला चोवीस बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ घ्यावं. ऐकण्यासाठी नाही, पुढच्या दुरुस्तीला जागा राहावी म्हणून. ऐकायची प्रत सीडीच्या दर्जाची पुरते.

प्लेअर प्रत्यक्ष विकत घेण्याची बाजू थोडी नीरस आहे, पण तिथेच फसायला होतं. जबलपुरात हा माल ऐकून घेता येत नाही. चेन्नईच्या हेडफोन झोनसारख्या दुकानांतून तो घरपोच मागवावा लागतो, किंवा परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या सामानातून. दुसऱ्या वाटेनं किंमत कमी पडते, मात्र इथली वॉरंटी मिळत नाही. सोनीचा एनडब्ल्यू-झेडएक्स७०७ भारतात २०२३ मध्ये सत्तर हजारांच्या घरात आला; फिओचा जेएम२१ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत मिळतो आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. ॲस्टेल अँड कर्नचा एसपी३००० हा २०२२ मध्ये ३,६९९ डॉलरला निघाला, तेव्हाच्या भावानं तीन लाखांच्या आसपास.

बॅटरीबद्दल कंपनीच्या आकड्यावर विसंबू नये. तो साध्या जॅकवर, मध्यम आवाजात, पडदा बंद ठेवून काढलेला असतो. बॅलन्स्ड जॅक वापरला, पडदा सारखा उघडला की बारा तासांचे आठ होतात. जबलपूरहून मुंबईची गाडी पंधरा-सोळा तासांची, म्हणजे पॉवर बँक हवीच. उन्हाळ्यात पारा त्रेचाळिसावर जातो तेव्हा धातूचा प्लेअर गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये; ही यंत्रं मुळातच तापतात, आणि फुगलेली बॅटरी पडदा उचकटून बाहेर येते. चार-पाच वर्षांत बॅटरी उतरतेच. कंपनीकडे पाठवण्यात महिने जातात. मापाची बॅटरी मिळाली तर मोबाइल दुरुस्त करणारा सराईत कारागीर ती बसवून देतो. अँड्रॉइडची आवृत्ती मात्र कुणी बदलून देत नाही. जुन्या डॅपवर स्ट्रीमिंगची ॲप एकेक करून चालेनाशी होतात आणि सत्तर हजारांचं यंत्र परत जिथून निघालो तिथे येतं, कार्डावरच्या फाइल वाजवणारं. संग्रह ज्याचा स्वतःचा आहे त्याला याची झळ लागत नाही. आयपॉडच्या २००५ सालच्या मॉडेलात नवी बॅटरी आणि कार्ड बसवून तो आजही वापरणारे लोक आहेत, ते याच जोरावर.

ब्लूटूथचा मुद्दा एका वाक्यात उरकतो: सोनीची एलडॅक पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेते, सीडी न आवळता १,४११ मागते, आणि चालताना-फिरताना हा फरक कुणाला कळत नाही; पण ब्लूटूथवर ऐकायचं असेल तर प्लेअरमधली ती महागडी चिप आणि ॲम्प्लिफायर झोपलेलेच राहतात, कारण आवाज तयार होतो तो कानातल्या बोंडात.

कारवांची हेटाळणी शौकीन करतात ती मला मान्य नाही. २०१७ मध्ये आलेल्या त्या पेटीनं पाच हजार गाणी, एक गोल बटण आणि इंटरनेटची गरज नाही एवढंच दिलं, आणि घरोघरचे सत्तरीतले आजी-आजोबा परत गाणी ऐकू लागले. तिला मराठी आवृत्तीही मिळाली. डॅपवाले जे सुख लाखात विकत घेतात, म्हणजे फोनपासून सुटका, ते तिनं सहा हजारांत दिलं होतं. फक्त गाणी तिची, आपली नव्हेत.

मग तीन लाखांचा प्लेअर कुणासाठी? ज्याला घड्याळ, पेन, कॅमेरा हातात धरून सुख होतं त्याच्यासाठी. पोलादाची कड, अचूक टिकटिकणारं आवाजाचं चाक, अर्धा किलोचं वजन. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्याला कानाचं कारण जोडू नये. ज्याच्या माळ्यावर अजून कॅसेटचे खोके पडले आहेत त्यानं मात्र आधी एक धड चालणारा जुना डेक मिळवावा, आणि प्लेअर पुढल्या वर्षी घ्यावा. प्लेअर दरवर्षी नवे येतात. चांगल्या दर्जाचे डेक आता जवळजवळ बनत नाहीत, त्यांचे रबरी पट्टे वितळतात, आणि ते पट्टे बदलणारे, हेडचा स्क्रू कानानं फिरवणारे जुने रेडिओ-मेकॅनिक एकेक करून दुकान मिटवत आहेत.